आमाचं मागणं

बहात्तरच्या हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या खोलीत एक तिबेटी बिऱ्हाड राहायला आलं. तिबेटी हा शब्द तेव्हा आमच्या बोळात कुणाच्या तोंडी नव्हता. पार्क मैदानाच्या कडेला फुटपाथवर दोऱ्या बांधून रंगीत स्वेटर विकणारे ते सगळे लोक 'नेपाळी' होते. घासाघीस करूनही भाव उतरला नाही की मग 'चिनी'.

आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीच्या आतल्या बोळात होतं. माळवदाचं, बैठं. मध्ये अंगण, अंगणात बेलाचं झाड आणि पलीकडे एक पत्र्याची खोली. अप्पांचं पेठेत भुसार मालाचं दुकान होतं, पण त्या वर्षी दुकानात बघण्यासारखं काही नव्हतं. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी गेला होता. ज्वारीची पोती संपली होती आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळत होता. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. मी नुकतीच डी.एड. होऊन घरी बसले होते. नोकरी नव्हती, स्थळं बघणं चालू होतं. दिवसभर करायचं काय, तर पाणी. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर.

ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा मीच कडी काढली. तिशीची बाई. रुंद, उन्हानं तांबूस झालेला चेहरा. अंगात काळसर झगा आणि कमरेपुढे पट्ट्यापट्ट्यांचं लोकरी वस्त्र बांधलेलं. तिनं तोंड उघडलं आणि मी चकितच झाले.

"मनी ऐत्येन्री, अव्वा?"

घर आहे का हो, असं ती विचारत होती, आणि चक्क कानडीत. आमच्या घरात बोलणं कानडीतच चालायचं. बाहेर पडलं की मराठी. तिची कानडी आमच्यापेक्षा वेगळी होती, मोडकी आणि बाजारात शिकलेली, पण कळत होती. हुबळीच्या पुढे मुंडगोडला जंगल तोडून सरकारनं त्यांच्या लोकांना जमिनी दिल्या होत्या. तिथं ते मका पेरायचे आणि हिवाळ्याचे तीन महिने स्वेटरचे गठ्ठे घेऊन गावोगाव जायचे. ती, तिचा नवरा आणि तिची म्हातारी आई, अशी तीन माणसं होती.

अव्वा, म्हणजे माझी आई, दाराआडून ऐकत होती. पुढे येऊन तिनं पहिली अट सांगितली. "आम्ही लिंगायत. या अंगणात मटण-मासळी शिजायची नाही."

बाईनं मागे वळून म्हाताऱ्या आईला ते सांगितलं. म्हातारी हसली. पुढचे दोनच दात होते. ती काहीतरी बोलली आणि बाईनं आम्हाला सांगितलं, "आई म्हणते, सहा वर्षं आम्ही मकाच खातोय. आता जिभेला दुसरं ओळखू येत नाही."

अव्वाला हसू आलं. खोली दिली.

पुढे त्या बाईला मी 'अक्का' म्हणू लागले आणि ती मला 'तंगी', धाकटी बहीण. आपल्या आईला ती 'आमा' म्हणायची. आम्हीही म्हातारीला तेच म्हणू लागलो.

सकाळी नवरा-बायको गठ्ठे घेऊन मैदानाकडे जायची आणि आमा अंगणात उन्हाला बसायची. तिच्या हातात एक छोटं पितळी चाक असायचं. दांडीवर ते गोल फिरत राहायचं आणि तिचे ओठ हलत राहायचे. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची चौकोनी डबी होती. अव्वाच्या गळ्यातही चांदीच्या करंडीत लिंग होतं. एकदा दोघी समोरासमोर बसल्या होत्या. आमानं हात पुढे करून अव्वाच्या करंडीकडे बोट दाखवलं. अव्वानं ती नुसती दाखवली, हातात दिली नाही. लिंग दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. आमाला ते न सांगताच कळलं असावं. तिनं आपली डबी कपाळाला लावली आणि अव्वाच्या करंडीकडे बघून मान लववली. त्या दिवसापासून अव्वा तिच्यासाठी मिलोचं पीठ भाजून ठेवायला लागली. आमा ते मिठाच्या चहात कालवून त्याचे गोळे करून खायची आणि अंगठा वर करून दाखवायची. त्या लाल मिलोला चांगलं म्हणणारं त्या वर्षी सोलापुरात दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

भांडण झालं ते पाण्यावरून. रोज सकाळी आमा एका फळीवर सात पितळी वाट्या ओळीनं मांडायची आणि त्या काठोकाठ भरायची. देवाला पाणी. अव्वानं ते पाहिलं आणि तिचा संताप झाला.

"प्यायला घागरभर पाणी नाही, आणि हिच्या देवाला सात वाट्या! सांग तुझ्या अक्काला."

मी सांगितलं. अक्कानं आईला सांगितलं. संध्याकाळी आमानं एकेक वाटी उचलली, अंगणात आली आणि सातही वाट्या बेलाच्या बुंध्याशी ओतल्या. ती रोजच तसं करत होती, हे आम्ही पाहिलं नव्हतं. अप्पांच्या पूजेला रोज बेल लागायचा आणि त्या उन्हाळ्यासारख्या हिवाळ्यात बोळातली बाकीची झाडं वाळली तरी आमचा बेल हिरवा का, याचं अव्वालाही नवल वाटत होतं. अव्वा आत गेली. दुसऱ्या दिवसापासून आपल्या घागरीतलं पाणी ती स्वतःच तांब्यात घालून आमाच्या उंबऱ्याशी ठेवू लागली.

मला हे सगळं सांगायला सोपं जातं. पुढचं जात नाही.

दुपारी आमा शिडी चढून माळवदावर जायची. मी तिथं शेंगा नाहीतर डाळ वाळत घालून राखण करत असायचे. त्या वर्षी गावोगावची जनावरं मरत होती. छावणीत आणलेलीही मरायची. शहराबाहेरच्या माळावर त्यांची धूडं टाकली जायची आणि वर आभाळात गिधाडं फिरत असायची. आमच्या माळवदावरून ती दिसायची. सावकाश, पंख न हलवता गोल गोल फिरणारी. आमचे लोक तिकडे बघायचेही नाहीत. घरावर गिधाड बसलं तर घर धुऊन काढायचं आणि स्वामींना बोलवायचं, अशी रीत.

आमा मात्र चाक मांडीवर ठेवून त्यांच्याकडे हात जोडायची.

एकदा अव्वानं खालून ते पाहिलं. "अगं, गिधाडाला नमस्कार करते ही!" ती मला म्हणाली. "विचार तरी, काय प्रकार आहे."

त्या संध्याकाळी मी अक्काला विचारलं. ती खोलीपुढे बसून स्वेटरच्या सुटलेल्या बाह्या शिवत होती. पक्ष्याला कानडीत हक्की आणि गिधाडाला ती हद्दू म्हणाली. आम्ही घारीलाही हद्दू म्हणतो, त्यामुळे आधी मला नीट कळलंच नाही.

"आमच्या मुलखात माणूस मेलं की हद्दूला देतात," ती म्हणाली.

"देतात म्हणजे?"

"डोंगरावर नेतात. एक माणूस असतो, त्याचं तेच काम. तो..." तिनं एका हाताची कड दुसऱ्या हाताच्या मनगटावर ठेवली, मग कोपरावर, मग खांद्यावर. "मग हद्दू येतात. सगळं संपवतात. काही उरू देत नाहीत."

मी तोंडावर हात ठेवला. तिनं ते पाहिलं, पण ती थांबली नाही.

"तुम्हाला वाईट वाटतं. आमच्यात ते दान. जिवंतपणी आपण इतक्या जिवांचं खातो. मेल्यावर हे अंग आपल्या काय कामाचं? कुणाला तरी भूक असते. देऊन टाकायचं. दिलं नाही तर आईला वाटतं, माणूस अडकून राहतं."

मग तिनं वडिलांचं सांगितलं. त्यांचा मुलूख गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. रात्री चालायचं आणि दिवसा कपारीत लपायचं, असं करत पंधरा-वीस जणं बर्फातून येत होती. एका खिंडीत वडील बसले ते उठलेच नाहीत. मागून चिनी सैनिक येत होते. थांबायला वेळ नव्हता. जमीन दगडासारखी गोठलेली. त्यांनी वडिलांच्या अंगावर हाताला लागतील तेवढे धोंडे रचले आणि पुढे निघाले.

"आई अजून म्हणते, ते तिथंच पडलेत. ना मातीला दिले, ना आगीला, ना पक्ष्यांना." ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "मुंडगोडला आमची माणसं आता जाळतात. काय करणार? तिथं तसले पक्षी नाहीत, डोंगर नाहीत. इथं पहिल्या दिवशी आईनं आभाळात बघितलं आणि मला म्हणाली, बघ, इथं आहेत."

पुढचे दोन दिवस मी अक्काच्या हातचा चहा घेतला नाही. काहीतरी निमित्त सांगितलं. तिला कळलं असेलच. अव्वाला मी खोटंच सांगितलं की त्यांच्यात गिधाड हे देवाचं वाहन असतं. खरं कळलं असतं तर तिनं त्यांना खोलीत एक दिवस ठेवलं नसतं.

संक्रांतीला गावची मोठी जत्रा, गड्ड्याची यात्रा भरली. दुष्काळ असूनही पाळणे आले, पण गर्दी नव्हती. स्वेटर कुणी घेत नव्हतं, कारण थंडी पडलीच नव्हती. दिवसा ऊन भाजायचं. बर्फात जन्मलेल्या म्हातारीला ते सोसेना. तिला खोकला झाला, मग ताप. पेठेतले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. छातीत पाणी झालंय, दवाखान्यात न्या, असं त्यांनी सांगितलं. आमानं मान हलवली. ती जाणार नव्हती. अक्काच्या नवऱ्यानं टांगा आणला तो रिकामाच परत गेला.

त्या आठवड्यात अव्वा रोज तिच्या उशाशी जाऊन बसायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अव्वा आपल्या भाषेत बोलायची, दुष्काळाचं, माझ्या लग्नाचं, गुडघ्याचं. आमा डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हुंकार द्यायची.

एका सकाळी मिलचा सातचा भोंगा झाला आणि अक्का खोलीच्या दारात उभी दिसली. रडत नव्हती. म्हणाली, "तंगी, आमा गेली. कुणी हात लावू नका. दुपारपर्यंत तिला तसंच राहू द्यायचं."

अव्वा डोळ्यांना पदर लावून आत गेली. अक्काचा नवरा त्यांच्या माणसांना कळवायला मैदानाकडे पळाला. त्यांच्यात एक जण पूर्वी मठात होता, त्याला आणायचं होतं. अंगणात आम्ही दोघी उरलो तेव्हा अक्कानं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"काल तिनं सांगितलं," ती म्हणाली. "तिला पक्ष्यांना द्यायचं. माळावर. आमच्यातल्या एकानं ते काम पाहिलेलं आहे, तो करीन म्हणतो. पण गाव तुमचं. तुझ्या अप्पांना विचार. ते गावातले मोठे माणूस. ते सांगतील चालेल की नाही. मी कशी विचारू? मी भाडेकरू, त्यात बाई. तू विचार."

मी हो म्हटलं आणि आत गेले.

अप्पा पूजेला बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, डावा तळवा पुढे धरलेला, तळव्यावर लिंग. डोळे त्यावर स्थिर. घंटा नुकतीच वाजवून त्यांनी खाली ठेवली होती. पूजा चालू असताना अप्पांशी कुणी बोलायचं नाही, आणि अप्पाही कुणाशी बोलत नसत. थांबायला हवं होतं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न होता.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि ते शब्द मनात जुळवून बघू लागले. अप्पा, त्या म्हातारीला माळावर नेऊन... पुढचं मनातसुद्धा म्हणवेना. मेलेल्या जनावरांचा तो माळ डोळ्यांपुढे आला. मग बोळातल्या बायका. चिनी ठेवलेत म्हणून आधीच समोरची बाई येता-जाता टोमणा मारायची. तिला कळलं तर? दोन दिवसांनी गुलबर्ग्याहून मला बघायला माणसं यायची होती. त्यांना कळलं तर? हे सगळं माझ्या मनात आलं. आमाचा विचार त्यात सगळ्यात कमी होता, हे मी आज लपवत नाही.

अप्पांनी डोळे वर केलेच नाहीत. मी वळले, अंगणात आले आणि अक्काला म्हणाले, "अप्पा नको म्हणतात. इथं तसं चालत नाही. पोलीस येतील म्हणाले."

पोलिसांचं मी माझ्या मनानं घातलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. मग जाळू." आणि खोलीत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.

दुपारी त्यांची आठ-नऊ माणसं आली. जो मठात राहिलेला होता त्यानं लांबट सुट्या पानांची पोथी काढली आणि तो खर्जात वाचत बसला. अप्पांनी दुकान बंद ठेवलं. लाकडांची व्यवस्था त्यांनीच केली, त्या टंचाईत कुठून केली देव जाणे. निघताना अक्काही निघाली. आमच्यात बायका जात नाहीत. अव्वा नको नको म्हणत असताना अप्पा मला म्हणाले, "ती एकटी बाई निघाली आहे. तिला काही बोलायचं असलं तर जवळ बाईमाणूस नको? तू चल सोबत."

म्हणून मी गेले. माझ्या आयुष्यात मी स्मशानात पहिल्यांदा गेले ते त्या दिवशी. खरं तर अप्पाही पहिल्यांदाच. आमचे लोक जाळत नाहीत, बसवून पुरतात. जळणारी चिता अप्पांनीही पाहिली नव्हती.

फाटकाशी रखवालदारानं अडवलं. आमच्याकडे आणि त्या लोकांकडे तो आळीपाळीनं बघत राहिला.

"कंच्या जातीचं हाय?"

"माझ्या घरातलं आहे," अप्पा म्हणाले.

"तुमी तर पुरता की, मालक. जाळत न्हाय."

"आम्ही पुरतो. हे जाळतात." मग अप्पा माझ्याकडे वळले. चेहरा अगदी साधा. काही खटकलं म्हणून नव्हे, नुसती खात्री करून घेण्यासाठी त्यांनी विचारलं, "जाळतातच ना गं हे?"

अक्का माझ्या शेजारी उभी होती. प्रश्न कानडीत होता, म्हणजे तिलाही कळला. ती बोलली नाही. मी म्हटलं, "हो, अप्पा."

लाकडं ओली नव्हती, तरी आग धरायला वेळ लागला. पोथीवाला वाचत राहिला. त्यांच्यात रडायची पद्धत नाही, गेलेल्या जिवाची वाट अडते म्हणे. अक्का ताठ उभी होती. फक्त कमरेपुढच्या त्या पट्ट्यांच्या वस्त्राची कड तिनं मुठीत इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. अप्पा लांब उभे होते, सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून. मी खाली बघत राहिले. वर बघायचं धाडस झालं नाही.

त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानाला निघताना पायात चपला घालता घालता म्हणाले, "त्यांच्यात काय रीत असते ते आपण विचारलंच नाही. ती बाई बिचारी आपल्या मुलखाबाहेर. मनात काही असेल तरी सांगणार कुणाला? विचारायला हवं होतं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांच्या हातात उन्हाची छत्री दिली.

महाशिवरात्रीच्या आधी ती दोघं मुंडगोडला गेली. निघेपर्यंत अक्का माझ्याशी पूर्वीसारखीच वागली, किंवा मला तसं वाटलं. जाताना तिनं अव्वाच्या पायांवर डोकं ठेवलं.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. गुलबर्ग्याचंच स्थळ. अप्पा पुढच्या वर्षी दुकानातच गेले. हृदय थांबलं म्हणाले. मी पोचेपर्यंत त्यांना बसवून, फुलं घालून तयार केलं होतं. आमचे सगळे विधी जिथल्या तिथं झाले. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. त्यांना दारातून बाहेर नेलं तेव्हा मला हुंदका आला तो फक्त अप्पांसाठी होता, असं सगळ्यांना वाटलं.

पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. अंगणातल्या खोलीत तेव्हा मिलमधल्या एका कामगाराचं कुटुंब राहत होतं. अव्वा म्हणाली, "तुझी अक्का आली आहे गावात. स्टेशनकडे त्यांची सगळी माणसं एकत्र राहतात आता. तुझी चौकशी करत होती."

सातवा महिना सरत आला होता. मी चालत मैदानाकडे गेले. त्या वर्षी पाऊस झाला होता, थंडीही होती आणि फुटपाथवर गर्दी होती. ती मला लांबूनच ओळखून उठली. वाळली होती. गालाची हाडं वर आली होती आणि बोलता बोलता तोंडाला रुमाल लावून खोकत होती. तिनं मला गठ्ठ्यावर बसवलं, पोटाकडे बघून हसली. अप्पांचं तिला कळलं होतं. "चांगला माणूस," ती म्हणाली. "फार चांगला माणूस."

ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या सकाळी मी अप्पांना काही विचारलंच नव्हतं, अप्पांना कधी कळलंच नाही, पोलिसांचं माझ्या पदरचं होतं. एका दमात बोलून टाकलं.

ती समोरच्या दोरीवरचे स्वेटर सारखे करत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तीन महिने तुमच्या अंगणात राहिले, तंगी. घंटा वाजली होती. घंटेनंतर तुझे अप्पा कुणाशी बोलत नसत. तू आत गेलीस आणि लगेच आलीस."

"मग तू बोलली का नाहीस? फाटकाशीही नाही बोललीस."

आता तिचे हात थांबले. ती माझ्याकडे न बघता बोलली. "तू आत गेलीस तेव्हा मी अंगणात उभी राहून एकच मागत होते. नाही म्हणू देत. ज्या हातांनी तिनं मला बर्फातून ओढत आणलं, ते हात... मला बघवलं नसतं. हो आलं असतं तर करावं लागलं असतं. तू नाही घेऊन आलीस. मला बरं वाटलं." मग पुन्हा स्वेटर सारखे करत ती म्हणाली, "तिचं मागणं तू बुडवलंस असं मी तीन वर्षं स्वतःला सांगते. तसं सांगितलं की झोप लागते."

तेवढ्यात एक बाई येऊन उभी राहिली. आठ वर्षांच्या मुलाला बसेल असा, चेन असलेला निळा स्वेटर तिला हवा होता. अक्का उठली, मराठीत भाव सांगू लागली. तिचं मराठी आता बरंच सुधारलं होतं.

मी उठून घरी आले. सांगितल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. आधी ते एकटीचं होतं. आता ते दोघींचं झालं, आणि दोघींचं झालं म्हणून अर्धं झालं नाही. वाटेत मला तिचा रागही आला. तिनं शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं तेवढंही करू दिलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा मैदानाकडे गेले नाही. पाय सुजतात, चालवत नाही, अशी कारणं मी अव्वाला द्यायचे आणि ती खरीही होती.

माघात मला मुलगा झाला. बारशाच्या आधी एका दुपारी मी खाटेवर पडले होते, बाळ कुशीत होतं. अंगणात अव्वाचा आवाज आला, "ये, ये. आतच आहे ती." पाठोपाठ तो खोकला ऐकू आला. मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

ती आत आली. खाटेशी बसली असावी, कारण तिच्या अंगाचा तो लोकरीचा आणि धुराचा वास जवळ आला. बाळाच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, माझ्या केसांवरूनही फिरवला असेल. मला नक्की सांगता येत नाही. मग हलकेच काहीतरी पुटपुटली, तिच्या भाषेत. अव्वानं विचारलं, "उठवू का तिला?" ती म्हणाली, "नको. निजू दे. आम्ही उद्या गाडीला बसतो."

बाहेर दोघी बराच वेळ बोलत बसल्या होत्या. अव्वाच्या गुडघ्याचं, पावसाचं, तिच्या छातीच्या दुखण्याचं. मी जागीच होते. उठावं असं दोन-तीनदा वाटलं. कडी वाजली तेव्हा मी बाळाला छातीशी घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची माणसं आली, ती आली नाही, असं अव्वानं पत्रात कळवलं. तिच्याविषयी त्यांना विचारलंस का, असं मी उलट पत्री लिहिलं नाही.